सांत अंतोनचं बाळ आणि माझा तांदळाचा डबा

लोक युरोपला जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी दहिसरहून गोराईला जाऊन आले. एक बस, एक रिक्षा, दहा मिनिटांची होडी आणि पलीकडे पुन्हा रिक्षा. वाटेत थांबून चहा घेतलात तरी दीड तासाच्या वर लागायचं नाही. मला सत्तेचाळीस वर्षं लागली. आता लांबचा प्रवास कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

रविवार, दहिसर

सुरुवात देव्हाऱ्यापासून झाली. माझी नात सई कॉलेजात शिकते. दर रविवारी ती मला मदत करते, म्हणजे मी काम करते आणि ती प्रश्न विचारते. देव घासायला काढले होते. सईने पितळेचा बाळकृष्ण उचलला, त्याच्या शेजारचं लाकडी बाळही उचललं आणि दोघांना शेजारीशेजारी धरलं.

"आजी, हा दुसरा रांगत का नाही गं? आणि याने लोणी कुठे टाकलं?"

मला गरजेपुरतं ऐकू येत नाही. मी पितांबरी चोळत राहिले. पण हल्लीच्या पोरी आजीवर विश्वास टाकत नाहीत, फोनवर टाकतात. तिने फोटो काढला, फोनला दाखवला आणि किंचाळली, "आजी! हा बाळ येशू आहे! आपल्या देव्हाऱ्यात काय करतोय?"

"रोज साखर खातोय," मी म्हटलं. "सत्तेचाळीस वर्षं."

मग सांगावंच लागलं. तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचा प्रवास कळायचा नाही.

लग्न होऊन मालवणाकडून आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आमचे हे गिरणीत होते. कांदिवलीच्या गावठाणात एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, बाईंची मागची खोली आम्ही भाड्याने घेतली. त्यांना सगळे माय म्हणायचे. त्यांची मुलगी फिलोमिना, म्हणजे फिलू, माझ्याच वयाची. आठवडाभरात आम्ही दोघी एका ताटात जेवायला लागलो. तिच्या ताटात मासळी आणि माझ्या सोमवारी उपास, एवढाच काय तो फरक.

मायच्या घरात भिंतीवर लाकडाचं छोटं देवघर होतं आणि त्यात हातभर उंचीचा संत अँथनी. माय त्याला सांत अंतोन म्हणायची. तपकिरी झगा, हातात पुस्तक आणि पुस्तकावर बसवलेलं अंगठ्याएवढं बाळ. बाळाच्या खाली लाकडी खुंटी होती, ती पुस्तकातल्या भोकात बसायची. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत म्हणून त्याची ख्याती. मायचा चष्मा दर दोन दिवसांनी हरवायचा, त्यामुळे त्याला रोजचं काम असे.

एका दुपारी फिलू हसत हसत म्हणाली, "आमच्यात जुन्या काळी पोरी काय करायच्या ठाव हाय? नवरा पायजे असला की सांत अंतोनच्या हातातलं बाळ काढून लपवून ठेवायच्या. म्हणायच्या, नवरा दे, मग तुझं बाळ घे."

मला ते लगेच पटलं. आपल्याकडे नाही का देव पाण्यात घालून बसत? देवाला जरा अडचणीत आणल्याशिवाय तो लक्ष देत नाही, हे आमच्या कोकणात लहान पोरांनाही माहीत असतं.

आणि त्याच महिन्यात माझी नथ हरवली. सासूबाईंची नथ, त्यांच्या आईची. त्या गावाहून चार दिवसांनी येणार होत्या. मी खोली पालथी घातली. कुलदेवतेला गाऱ्हाणं घातलं. मग मंगळवारी माय आणि फिलू चर्चला गेल्या असताना पुढच्या खोलीत शिरले, सांत अंतोनच्या हातातलं बाळ उपसलं आणि माझ्या तांदळाच्या डब्यात पुरलं. त्याला ठणकावून सांगितलं, "नथ दे आणि बाळ ने."

सांत अंतोनने तासाभरात नथ दिली. ती कोकमाच्या बरणीत होती. चोरांच्या भीतीने तिथे मीच ठेवली होती.

आता कोणीही शहाणी बाई काय करेल? बाळ पटकन परत ठेवेल. मीही निघालेच होते. पण तोवर त्या दोघी चर्चमधून आल्या होत्या आणि पुढच्या खोलीत मायचा आवाज चढला होता. "फिलू! नवरा पायजे तर तोंडाने सांग ना! देवाचं बाळ चोरतंय?"

मी दाराआड उभी. हातात बाळ, बाळाला चिकटलेले तांदूळ. फिलूचं उत्तर ऐकायच्या आत मी खोलीत पळाले.

उद्या ठेवीन, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मायने देवघराला काचेचं दार बसवलं आणि किल्ली कमरेला लावली. परवा ठेवीन, म्हटलं. तेवढ्यात फिलूसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. घरात नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म आलेला मी पाहिला होता, तो कुठल्या कुठे गेला. तीन महिन्यांत फिलूचं लग्न गोराईच्या एका मुलाशी ठरलं. माझ्यामुळे. मी लग्नाला गेले नाही. अंगात ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता, सांत अंतोनला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. महिन्याभरात आम्ही दहिसरला खोली घेतली. सासूबाईंना डब्यात बाळ सापडलं, त्यांना तो परदेशी बाळकृष्ण वाटला आणि त्यांनी त्याला दुधाने आंघोळ घातली. त्याचा अर्धा रंग त्याच दिवशी गेला.

सई सगळं ऐकून गप्प झाली. ही गोष्ट दुर्मिळ आहे, म्हणून नोंदवून ठेवते. मग म्हणाली, "म्हणजे तू एका बाईचं करिअर घालवलंस आणि देवाचं मूल पळवलंस."

"एकवीस वर्षांची होते गं."

"आता अडुसष्टची आहेस. मंगळवारी निघू या."

मंगळवार, खाडी

फिलू गोराईत अजून आहे, हे मला ठाऊक होतं. बोरिवलीच्या बाजारात गोराईहून वांगी आणि पांढरे कांदे घेऊन एक बाई येते. तिला मी कित्येक वर्षं सहज विचारल्यासारखं विचारत आले होते, "फिलू बरी आहे ना?" ती दर वेळी म्हणायची, "ये की बघायला." आणि मी दर वेळी पाव किलो वांगी जास्त घ्यायची.

बाळाला कशाकशात गुंडाळून पाहिलं. रुमालात चोरीचा माल वाटला. नथीच्या डबीत मावेना. शेवटी स्टीलच्या डब्यात तांदूळ घातले आणि त्यात ठेवलं. त्याला सवयीची जागा. डबा पिशवीत, पिशवीत वर नारळ आणि साखर. पहिल्यांदा कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि आम्ही तर त्यांचीच वस्तू घेऊन चाललो होतो.

गोराईची होडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ही सहलीची होडी नव्हे. तिच्यात माणसं, मोटरसायकली, बर्फाचे तुकडे, नव्या कपाटाचं दार आणि एक वैतागलेली कोंबडी असे सगळे एकत्र असतात. मोटरसायकलवाले होडीतही मोटरसायकलवर बसूनच राहतात. बोरिवलीचे टॉवर मागे सरकतात, समोर तिवरांची हिरवी भिंत येते, तिच्यावर पॅगोड्याचा सोनेरी घुमट चमकतो. दहा मिनिटांत माणूस मुंबईतून निघून मुंबईतच पोचतो, पण कोणाला खरं वाटत नाही.

मला पाण्याकडे बघून मायची गोष्ट आठवली. दर मंगळवारी माय तांदूळ निवडता निवडता सांत अंतोनची गोष्ट सांगायची आणि मी ऐकायला जाऊन बसायची. लिस्बनच्या श्रीमंत घरातला हा मुलगा. धर्मासाठी मोरोक्कोत मारल्या गेलेल्या साधूंची प्रेतं त्याने पाहिली आणि ठरवलं, आपणही तिथेच जाऊन जीव द्यायचा. गेला. आणि उतरल्या उतरल्या तापाने आडवा झाला. परत निघाला, तर वादळाने गलबत भलतीकडे, सिसिलीला नेऊन टाकलं. इटलीत त्याला कोणी ओळखेना. एका डोंगरावरच्या मठात भांडी घासत राहिला. एकदा मोठा समारंभ होता, प्रवचनाची तयारी कोणीच केली नव्हती. वरिष्ठ म्हणाले, तू बोल, सुचेल ते बोल. आणि हा भांडीवाला असा बोलला की सगळे थक्क झाले.

"देवाने त्याला मरायला नाय पाठवलेला, बोलायला पाठवलेला," माय म्हणायची. "पण त्याला खुद्दालाच ठाव नव्हता."

एका गावात लोक ऐकेनात, तेव्हा तो समुद्राकाठी जाऊन माशांशी बोलायला लागला. मासे पाण्यातून डोकी वर काढून रांगेत उभे राहिले, लहान पुढे, मोठे मागे. फिलू दर वेळी विचारायची, "माय, बोंबील होते काय गो?" आणि माय न चुकता सांगायची, "होते. पयल्या रांगेत."

या आठवणीत मी इतकी रमले की पलीकडे सईचा हात धरून उतरले, रिक्षात बसले, रिक्षा सुरू झाली आणि सई म्हणाली, "आजी, पिशवी?"

पिशवी होडीत होती. होडी खाडीच्या मध्यावर होती, बोरिवलीकडे परत चाललेली.

वाट लागली. हरवलेलं शोधून देणाऱ्या संताचं बाळ मी दुसऱ्यांदा हरवलं होतं. आणि आता गाऱ्हाणं घालावं तरी कोणत्या तोंडाने? ओलीस धरायलाही हाताशी काही नव्हतं. मी धक्क्यावर उभी राहून नुसते हात जोडले. "सांत अंतोना, या वेळी माझी काही अट नाही. तुझं तू बघ."

वीस मिनिटांनी होडी आली. बोटवाल्याने पिशवी स्वतःच्या पायांशी ठेवली होती.

"आजी, डब्यात काय? खुळखुळतंय लई. लाडू?"

"देव आहे," सई म्हणाली.

"मग नीट धरा ना! पडला असता पाण्यात!" तो आमच्यावरच ओरडला. मला त्याचं पटलं.

मंगळवार दुपार, गोराई

गोराई गावात शिरलं की आवाज कमी होतो. ताडाची झाडं, भाजीचे मळे, बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील. वळणावळणावर पांढरे क्रूस, त्यांना झेंडूच्या माळा. आमच्या गावी वाटेवरच्या देवाला जसं कोणीतरी फूल वाहून पुढे जातं, तसंच. सईने एका क्रूसाला नमस्कार केला, चप्पल काढून. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

फिलू ओसरीवर बसली होती. केस सगळे पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. माझ्याकडे बघितलं, चष्मा लावला, पुन्हा बघितलं.

"काय गो कुंदे, जित्ती हायस?"

"आहे बाई."

"मना वाटला गेलीस. मिस्सा पण ठेवणार होते तुझ्या नावाने." मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना. एवढं बोलून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सई माझ्याकडे बघायला लागली. मी पायरीकडे बघायला लागले. आतून तेलाचा चरचर आवाज आला, आणि मग फिलू फुग्यांची ताटली घेऊन आली. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव, मुठीतून पिळून तेलात सोडतात. आतून मऊ, किंचित गोड. त्यांच्यासोबत बाटलीत भरलेल्या त्यांच्या मसाल्याचं मटण. तो मसाला माय उन्हाळ्यात गावठाणात कुटायची आणि आम्ही चार घरं शिंकायचो. एका घासात मी कांदिवलीच्या मागच्या खोलीत जाऊन आले.

"खा," फिलू म्हणाली. "माझ्या लग्नात तुझ्यासाठी बाजूला काढलेले. ते शिळे झाले. हे ताजे हाईत."

मी हातातला घास ताटलीत ठेवला. म्हटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. मी डबा उघडला, तांदळात हात घातला आणि बाळ तिच्या पुढ्यात ठेवलं.

मी बोलत सुटले. नथ, कोकमाची बरणी, दाराआडचं उभं राहणं, काचेचं दार, सगळं. "तुझं नर्सिंग माझ्यामुळे गेलं फिलू. तुझं लग्न माझ्यामुळे..."

"थांब," ती म्हणाली. "कसलं नर्सिंग?"

"तो फॉर्म..."

"तो मायने आणलेला! मना रगत बघून चक्कर येते. माशाचं चालतं, माणसाचं नाय." ती हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली. "आनि लग्न म्हणशील तर ऐक. गोराईचा एक पोऱ्या बाजाराला भाजी घेऊन यायचा. आठवतो? उंच, दात पुढे. मायला कसं सांगू, मना हाच पायजे? तेवढ्यात बाळ गायब! माय बोलली, तूच घेतलास. मी बोलले, हो, मीच."

"तू कबूल केलंस?"

"करेन नाय तर काय! आयती संधी. मायने तीन महिन्यांत लग्न लावून दिलं."

सई टाळ्या वाजवत होती. मी मात्र सत्तेचाळीस वर्षांचं ओझं घेऊन बसले होते आणि त्यात काहीच नव्हतं. जरा रागच आला. माणूस इतकी वर्षं एखादी गोष्ट उरी बाळगतो, ती निदान खरी तरी असावी.

"पण पुढचं ऐक," फिलूचा आवाज खाली आला. "लग्न झाल्यावर माय बोलली, नवरा मिळाला ना, आता बाळ दे. मी कुठून देऊ? बोलले, हरवला. माय मरेपर्यंत विचारत होती गो. दर सणाला. देवाला फसवलंस, बोलायची. नवं बाळ घेऊन येते बोलले, तर नको बोलली. म्हणून मी दर मंगळवारी सांत अंतोनला सांगत बसले, ते बाळ शोधून दे. ज्याचं हरवलं त्यालाच!"

ती उठली आणि आम्हाला आत घेऊन गेली. मायचं तेच देवघर, तेच काचेचं दार. आत सांत अंतोन, हातात पुस्तक, पुस्तकावर रिकामं भोक. मायच्या मागे तो गोराईला आला होता. सत्तेचाळीस वर्षं तो तसाच उभा होता, मान किंचित खाली, काहीतरी बघत असल्यासारखा. बघायला मात्र काही नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं. फिलूचं नाही, मायचंही नाही. त्याचं.

फिलूने बाळ हातात घेतलं, उजेडात धरलं. "रंग कुठे गेला?"

"सासूबाईंनी दुधाने आंघोळ घातली."

"आनि कपाळाला लाल काय?"

"कुंकू. घासलं तरी जात नाही."

"राहू दे," फिलू म्हणाली आणि खुंटी भोकावर ठेवून दाबली. बाळ करकरून बसलं. फिलूने क्रूसाची खूण केली. मी हात जोडले. सईने फोन खिशात ठेवला.

संध्याकाळी चर्चमध्ये गेलो. मंगळवारी तिथे सांत अंतोनच्या नावाने पाव वाटतात, ज्याला हवा त्याने घ्यावा. फिलूने टोपलीभर नेले होते. पाव वाटणारी एक बाई मला म्हणाली, "तुमचं काय हरवलेलं?" मी म्हटलं, "माझं सापडलंच होतं, मीच परत दिलं नव्हतं." ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय.

बुधवार, निघताना

रात्री फिलूने सोडलंच नाही. सकाळी हातावर थापलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आमच्या मालवणी चटणीत खोबरं जास्त, त्यांच्यात लसूण. कोणाची चांगली, यावर आमचं रीतसर भांडण झालं आणि त्यामुळे फार बरं वाटलं.

निघायच्या वेळी मी म्हटलं, "फिलू, येते गं. जमेल तशी परत येईन."

"जमेल तशी?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लग्नाला पण येते बोललेलीस. मी बोटीकडे डोळे लावून बसलेली, नवरा बाजूला उभा, आनि मी तुला शोधतंय."

ताप होता असं सांगणं आता शक्य नव्हतं.

फिलू म्हणाली, "मायची एक गोष्ट तू ऐकलीच नायस. तू गेल्यावर सांगायला लागली. सांत अंतोनचं एक पुस्तक होतं, हाताने लिहिलेलं. मठातला एक नवशिक्या ते घेऊन पळाला. अंतोनने प्रार्थना केली, नि तो पुस्तक घेऊन परत आला. पण माय बोलायची, खरी गोष्ट पुस्तकाची नाय. तो पोऱ्या स्वतः पण परत आला नि मठातच राहिला. नुसती वस्तू आली तर अर्धंच काम."

बोलता बोलता ती देवघरापाशी गेली. काचेचं दार उघडलं, सांत अंतोनच्या हातातलं बाळ फिरवून उपसलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत चुलीशेजारच्या तांदळाच्या डब्यात खुपसलं. झाकण लावून त्यावर एक थाप मारली.

"फिलू! काय करतेस?"

"पुढल्या मंगळवारी आलीस की बसवीन. तेरा मंगळवार असतात सांत अंतोनचे. एक झाला."

"हे किडनॅपिंग आहे," सई म्हणाली.

"तुझ्या आजीकडून शिकले," फिलू म्हणाली.

होडीत बसले तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आत फिलूने घातलेला मसाला आणि उरलेले फुगे. बोटवाल्याने ओळखलं. "देव पोचला का आजी?"

"पोचला," मी म्हटलं. "पण परत डब्यात गेला."

आज सोमवार. नारळ आणून ठेवला आहे, मालवणी चटणी वाटून झाली आहे, खोबरं मुद्दाम जास्त. सई येणार नाही म्हणाली, परीक्षा आहे. मी एकटीच निघेन, सकाळच्या होडीने. गुडघे दुखतायत, पण निघावं लागेल. खाडीपलीकडे एक बिचारा संत रिकाम्या हाताने उभा आहे, आणि या वेळी त्याचं बाळ मी चोरलेलं नाही.